शरणम्माचं सोपं बाळंतपण

लातुरात शरणम्माच्या गल्लीत कुणाला कळा सुरू झाल्या, की आधी रिक्षा बोलावली जायची आणि मग शरणम्मा. रिक्षा दवाखान्यात न्यायची, शरणम्मा धीर द्यायची. धीर म्हणजे तिच्या स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट. निलंग्याचं माहेर, पहाटेच्या कळा, दारात उभी वैरणीची गाडी, सुईण उंबरा ओलांडते न ओलांडते तोच पोरगी हजर. आणि बाळंतीण दिवस उजाडता उजाडता मांडीवर लेक घेऊन चहा पीत बसलेली. ही गोष्ट ऐकून कुणाच्या कळा कमी झाल्याचं ऐकिवात नाही. पण आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून बायका ओरडायच्या तेवढ्या थांबत.

गोष्ट चांगली होती. तिच्यात उणं एवढंच, की शरणम्मा कधी बाळंत झालीच नव्हती.

बाळंत झाली होती तिची धाकटी बहीण शीला. लग्नाला बरीच वर्षं होऊनही शरणम्माची कूस उघडेना, तेव्हा सासूनं गुरुबसप्पासाठी दुसरी बायको बघायला घेतली. गुरुबसप्पा भला माणूस. आईपुढं बोलायची त्याची छाती नव्हती, पण बायकोच्या मागं गुपचूप उभं राहण्याइतकी होती. शीला भोकरला दिलेली, पदरी दोन मुलगे, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. “अक्का, हे तुझं,” ती म्हणाली. सणाची साडी बदलून द्यावी तशी.

बाकीचं सगळं रीतीनं निभावलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं आणि बारशाआधी सासरच्यांनी तिकडं फिरकू नये, ही रीत घालणाऱ्यांच्या मनात काय होतं देव जाणे. या दोघी बहिणींना ती फार उपयोगी पडली. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय म्हणून शरणम्मा लवकरच निलंग्याला गेली. मागून शीला आली. बारशाला सासूनं नात पाहिली, “पोरगी का होईना, कूस तर उघडली,” असं म्हणाली आणि दुसऱ्या सुनेचा शोध थांबला. शीला रिकाम्या हातानं भोकरला परतली. मूल राहिलं नाही, असं तिच्या नवऱ्यानं, रेवणप्पानं, घरी सांगितलं. आता गुरुबसप्पाही नव्हता आणि रेवणप्पाही. गुपित दोघी बहिणींपुरतं उरलं होतं.

ती पोरगी म्हणजे वर्षाराणी. नांदेडच्या वीरेशला दिलेली, आणि रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला लातूरला आलेली. मावशी या नात्यानं डिंक-खोबरं घेऊन शीलाही आली.

तपासणीला तिघी गेल्या. वर्षाराणीच्या नाकाचा घोळणा लहानपणापासून फुटायचा, हे कळल्यावर डॉक्टरीणबाई सावध झाल्या. घरात कुणाला बाळंतपणात रक्त जास्त गेलं होतं का? आईला?

शरणम्माचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि तोंडातून गोष्ट बाहेर पडली. इतकी वर्षं रुळलेली वाट. वैरणीच्या गाडीपासून चहापर्यंत ती कुठं अडखळली नाही. डॉक्टरीणबाई हसल्या. वर्षाराणी कौतुकानं आईकडं बघत होती. शीला पदराचं टोक सरळ करत होती. ते आधीपासून सरळच होतं.

घरी डिंक तळताना शीला म्हणाली, “तुझं बाळंतपण लई सोपं झालं, अक्का.”

“हं.”

“माझं न्हाई झालं तसं.”

झालं नव्हतंच. पोरगी झाल्यावर शीलाचं रक्त थांबेना. वैरण रस्त्यावर टाकून त्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. आईला न सांगता आलेल्या गुरुबसप्पानं रक्त दिलं, बाजारातल्या दोन हमालांनी दिलं. शीलाचाही घोळणा पोरवयापासून फुटायचा. एवढा भाग शरणम्मानं गोष्टीतून गाळला होता. अडलेल्या बाईला कोण सांगणार?

शीलानंच तोड काढली. मावशीचं रक्त गेलं होतं असं सांगायचं. खोटं काहीच नाही, आणि पोरीची काळजीही घेतली जाईल. दुसऱ्या दिवशी तिघी परत गेल्या. शीलानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मावशीचं लक्षात ठेवते, पण आईचं जास्त महत्त्वाचं. आईचं इतकं छान झालंय, तर उगाच घाबरू नका.

शरणम्मा उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

“डॉक्टर, माझं छान झालं न्हाई.”

“म्हणजे?”

“माझं झालंच न्हाई. हिला जन्म दिलेली ही हाय.” तिनं हनुवटीनं शीलाकडं दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारायचं ते शीलाला नव्यानं विचारलं. तपासण्या सांगितल्या, रक्त गोठण्यातली नेमकी कसर सापडली, आणि रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायचं ठरलं. रिक्षात वर्षाराणी दोघींच्या मध्ये बसली, पण खड्ड्यातसुद्धा कुणाच्या अंगावर रेलली नाही.

पुढं काही दिवस तिनं शरणम्माला हाक मारलीच नाही. “ऐकलं का, पाणी पाहिजे,” असं भिंतीकडं बघून म्हणायची. जुन्या बायका नवऱ्याला जे करत, ते तिनं आईला लागू केलं. शरणम्मा पाणी आणून द्यायची आणि उगाच दारात थांबायची. ‘आई’ एवढं एकदा ऐकावं, मग पाहिजे तेवढं भांडावं, असं तिला वाटायचं.

एके दुपारी लाडू खाताना वर्षाराणीनं विचारलं, “वैरणीची गाडी तरी होती का?”

“होती.”

“आणि चहा?”

“शीला दवाखान्यात, तू माझ्या मांडीवर. कळा तिच्या होत्या, मी निस्ता हात धरून होते. चहा तेवढा माझा.”

वर्षाराणी शीलाकडं वळली. “दिलंसच कसं मला?”

“लांब कुठं दिलं? अक्काला दिलं.” शीला लाडू वळत राहिली. मग म्हणाली, “भोकरला लई दिस दूध येऊन राहिलं होतं. सासू म्हणायची, पदरावर पाणी कसं सांडतंय गं तुझ्या.”

शरणम्माला हे माहीत नव्हतं. तिनं बहिणीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि उरलेले लाडू स्वतः वळले. ते वाकडे झाले.

कळा सुरू झाल्या तेव्हा वीरेश नांदेडहून निघालेला होता. दवाखान्यात दोघी बाकावर बसल्या. आतून नर्स आली आणि म्हणाली, एकीलाच आत सोडणार, पेशंट आईला बोलावतीय.

शरणम्मा शीलाकडं बघत बसली, शीला शरणम्माकडं. अशा वेळी पुढं न होण्याचा मान दोघींनाही हवा होता. नर्स वैतागून आत गेली आणि परत आली.

“पेशंट म्हणतीय, हात धरलेली कोण होती, ती या.”

“ऊठ की, अक्का,” शीला म्हणाली.

शरणम्मा चपलांसकट आत शिरली, म्हणून आधी बोलणी खाल्ली. पुढं रक्त गेलं, बरंच गेलं. पण ते जाणार हे या वेळी सगळ्यांना माहीत होतं आणि पिशव्या तयार होत्या. ते सगळं नंतर. आत्ता वर्षाराणीनं घामेजलेला हात पुढं केला.

“आई, हात धर,” ती म्हणाली. “आणि गोष्ट सांगू नको.”