रात्रभर वाहत्या पाण्यात

भूषणला दोनच वेडं होती. एक अहिराणी गाण्यांचं. धुळ्याच्या मोबाइल दुकानात दिवसभर कानात तेच. दुसरं, काडेपेटीशिवाय जगण्याचं. गच्चीवर कापसाच्या पऱ्हाटीची काडी लाकडावर घुसळून त्यानं पहिल्यांदा विस्तव पाडला, तेव्हा मला आठवा महिना होता. माझ्या पोटाशी वाकून म्हणाला, "चिऊ, बाहेर ये लवकर. चहा टाकतो."

"घरात गॅस आहे," मी म्हणाले.

"गॅसवर तं कोनी बी करी!"

रविवारी तो रानात जाऊन असलं काही करायचा, आणि त्याचा मित्र प्रेमराज त्याला स्वतःचं गाणं लावून व्हिडिओ टाकायचा. तीन आठवड्यांपूर्वी मीही गेले, पिंपळनेरच्या वरच्या डोंगरात. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. पाच महिन्यांची चिऊ आईकडे ठेवली होती.

तिथल्या सुंदरबाई आजीनं आम्हाला कडू कंद खणून दिला. काप केले, टोपलीत भरले, टोपली ओहोळात ठेवली. मोबाइल माझ्या हातात होता, शूटिंग चालू.

"आते रातभर वाहता पानीमा ऱ्हावू दे," आजी म्हणाली. "कडूपन निंघी जाई. मंग सकायले शिजाड."

"नुसतं उकळीसन नही चालाव का, आजी?" भूषणनं विचारलं.

"इतली काय घाई शे रे तुले?"

घाई मला होती. दूध भरून येऊन ब्लाउज ओला झाला होता. "चला ना हो," मी म्हणाले. "चिऊ रडत असेल. शेवटची बस जाईल."

आजी शेळ्यांमागे गेली. भूषणनं टोपली उचलली. राख घालून काप दोनदा उकळले. मी हात पुढे केला तर म्हणाला, "तू नको दिपू, अंगावर पाजतेस." पाच-सहा काप त्यानं खाल्ले.

"कसं लागतंय, सांगा की," मी मोबाइलमागून विचारलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी हसला. "फर्मास!"

बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं सगळं प्रेमराजला पाठवलं. साक्री मागे पडली आणि उलट्या सुरू झाल्या. मग झटके. मंगळवारी भूषण गेला. तोवर प्रेमराजनं टाकलेला व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला होता. आजीचं वाक्य त्यात नव्हतंच.

"लांबत होतं, वहिनी," प्रेमराज सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. "ते कापून तिथंच गाणं सुरू केलं मी."

तेरावं झाल्यावर मी पहिल्यांदा त्या व्हिडिओखालचं वाचलं. चिऊ झोपते तेवढ्यात रोज थोडं थोडं. आज शनिवार. सावद्याच्या कुणा गिरधरनं सकाळी लिहिलंय, 'कंद सापडले. उद्या पोरांना घेऊन असंच करतो.'

मी लगेच त्याला लिहिलं. उत्तर नाही. प्रेमराजला बोलावलं.

"काढूनच टाकू व्हिडिओ," तो म्हणाला.

"काढून काय होणार, भाऊ? लोकांनी उचलून पुढे पाठवलाय. नवा टाका. गाणं नको. नुसतं ते ओहोळाजवळचं, आणि खाली लिहा, हा माणूस दोन दिवसांत वारला."

त्यानं जोडून मला ऐकवलं. पाणी वाहतंय. आजी बोलतेय. मग माझा आवाज, चला ना हो.

प्रेमराजनं थांबवलं. "वहिनी, हे तुमचं कापतो. लोक नाही नाही ते बोलतील."

मी चिऊकडे पाहिलं. मूठ आवळून झोपली होती, बापासारखी.

"राहू द्या," मी म्हणाले. "घाई कशी असते ते कळू दे त्यांना."

त्यानं टाकला. लोकांनी लिहायला सुरुवात केली. बाई, तुम्हीच मारलंत त्याला. एकानं, दोघांनी, मग बऱ्याच जणांनी. मी फक्त एकच नाव शोधत होते. चिऊ उठली, तिला पदराखाली घेतलं, दुसऱ्या हातानं शोधतच राहिले.

पाच वाजता गिरधरचं उत्तर आलं. 'ताई, सोलून ठेवले होते. उकिरड्यात पुरले.' आणि लगेच खाली, 'तो बाईचा आवाज तुमचा आहे का?'

एका बोटानं मी लिहिलं, 'हो.'