आईच्या तक्रारीचं कौतुक

हॉस्पिटलचं उत्तर वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'आपण केलेल्या कौतुकाबद्दल मनःपूर्वक आभार.' कौतुक! देऊ नका म्हणून फायलीवर लिहिलेलं इंजेक्शन आठ दिवस टोचून बाबांचे दोन्ही कान कायमचे घालवले, आणि आईनं म्हणे त्यांचं कौतुक केलं.

आईनं त्यांच्या वेबसाइटवर चांगली दोन पानं भरून तक्रार लिहिली होती. पण आई ती आई. भांडायला आलेल्या माणसालाही आधी पाणी विचारणारी. पहिला परिच्छेद सगळा नर्सबाई किती गोड वागल्या त्याचा. इंजेक्शनचं त्यानंतर. हॉस्पिटलला पोचला तो तेवढा पहिला परिच्छेद.

ती वेबसाइट माझ्या दादानं केलेली. मीही हेच काम करते, दुसऱ्या कंपनीत, म्हणून कोड उघडून बघितला. फॉर्ममधला मजकूर पाठवायचे दोन मार्ग असतात. 'गेट' म्हणजे सगळं पत्त्याच्याच ओळीत कोंबायचं, 'पोस्ट' म्हणजे पाकिटात घालून द्यायचं, हवं तेवढं. दादानं गेट वापरलं होतं. त्या ओळीत आपलं एक मराठी अक्षर नऊ इंग्रजी अक्षरांची जागा खातं. लांब मजकुराला एरर यायला लागली, तेव्हा या शहाण्यानं पोस्ट करायचं सोडून मजकूरच कापला. गुपचूप. लिहिणाऱ्याला वर 'धन्यवाद, आपला मजकूर पोचला'. लाज कशी नाही वाटली?

मी त्याला आईसमोरच झापलं. तो म्हणे घाईचं काम होतं, नंतर बदलणारच होतो. आणि तिथंच लॅपटॉप उघडून बदललंही. चार ओळी. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला तर आणखीच संताप आला, कारण तक्रारीची तीस दिवसांची मुदत कालच संपली होती. बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते, आमचा आरडाओरडा त्यांच्या गावीही नव्हता.

आईनं आवाज चढवला नाही. तिनं दादाला सांगितलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला लिही, तक्रार तू कापलीस आणि मुदत तुझ्यामुळे हुकली. खाली तुझं नाव घाल.

दादानं लॅपटॉप अर्धा मिटला.

"आई, माझं कंत्राट जाईल."

"यांचे कान गेले," आई म्हणाली.