हाकेला ओ

टँकर आला तर येवो, गेला तर जावो, रविवारी आपण लातूरला मॅच बघायला जायचं, असं धोंडाबाईनं जाहीर केलं आणि ग्यानोबा आईच्या तोंडाकडं बघतच राहिला.

बघणारच की. जळकोटच्या पलीकडं असलेल्या त्यांच्या गावात टँकर दिवसाआड यायचा, आणि त्या दुष्काळात टँकरची एकही पाळी न चुकवलेली बाई कोण म्हणाल, तर हीच. ग्यानोबा तिचा एकुलता एक लेक, गावच्या शाळेवर मास्तर. त्यानं समजावून पाहिलं की एसटीत निम्मा दिवस जाईल, ऊन मी म्हणतंय, पोर आजारी पडेल. धोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी फडक्यात बांधायला घेतल्या.

त्याचं असं झालं होतं. ग्यानोबाची बायको पंचफुला लातूरला राहून खेळाच्या मास्तरकीचा वर्षाचा कोर्स करत होती. तिला धाडलं ते सासूनंच. लेकरू टाकून बाई शिकायला जाते म्हणून भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली, तेव्हा धोंडाबाईनं एकेकीला दारातूनच वाटेला लावलं होतं. पण दिवाळीनंतर विहिरी आटल्या आणि सुनेला निरोप गेला की उन्हाळा सरेपर्यंत येऊ नको, एक माणूस वाढलं की दोन घागरी वाढतात. हा निरोपही धोंडाबाईचाच. त्याला चार महिने झाले. तेवढ्यात पंचफुलाची साडेतीन वर्षांची लेक विशाखा आजीला ‘आई’ म्हणायला लागली, आणि खरं सांगायचं तर म्हातारीला ते गोड लागलं. तिनं पोरीला एकदाही टोकलं नाही.

मग पंचफुलाचं पत्र आलं. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला त्याला फार दिवस झाले नव्हते. त्या नव्या जिल्ह्याचा बायकांचा सॉफ्टबॉलचा संघ निघाला होता, त्यात तिची निवड झाली होती, आणि रविवारी नांदेडशी सामना होता. सोबत संघाचा फोटो होता. ग्यानोबानं विशाखाला मांडीवर घेऊन विचारलं, यातली तुझी आई कोणती? पोरीनं फोटो नीट बघितला, आणि चुलीपुढं बसलेल्या धोंडाबाईकडं बोट केलं. ग्यानोबा हसला. धोंडाबाईनं मात्र हातातली भाकरी तशीच खाली ठेवली. आपण हे काय करून बसलो, असं तिला झालं. त्याच रात्री तिनं ठरवलं, पोरीला तिची आई दाखवायची.

रविवारी पहाटे शेजारच्या नीलाबाईला दोन घागरी भरून ठेवायला सांगून तिघं एसटीत बसले. विशाखा डालडाचा डबा काही सोडेना. टँकरचा हॉर्न वाजला की मोठी माणसं घागरी गोळा करेपर्यंत पोरांनी पुढं पळायचं आणि डबा रांगेत ठेवायचा. डबा टेकला की नंबर लागला, मग ती जागा कुणाच्या बापाची नाही. विशाखा या कामात लई पटाईत, आणि तिला तयार केलेली आजीनंच. उदगीरला शेजारच्या सीटवरच्या बाईनं, लेक का हो, असं विचारलं. धोंडाबाईनं ठसक्यात सांगितलं, नात हाय.

मैदानावर पोचले तेव्हा खेळ सुरू झाला होता. ग्यानोबानं बेसबॉल काय, सॉफ्टबॉल काय, आणि चेंडू हाणून चार बेसवरून पळत परत कसं यायचं, ते सगळं आईला मास्तरासारखं समजावलं. तिच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. तिनं फक्त एवढं हेरलं, की पँट घातलेली, हातात चामड्याचा मोठा पंजा घेऊन वाकून उभी असलेली ती पोरगी आपली सून. काय ऐटीत उभी होती! म्हातारीचा ऊर भरून आला.

तिनं विशाखाला कडेवर घेऊन दाखवलं, ती बघ तुझी आई. विशाखानं तिकडं बघितलं, मग धोंडाबाईचा गाल धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि म्हणाली, “तू आई.”

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडच्या फाटकावर धुळीवर पाणी मारायला आलेल्या टँकरनं हॉर्न दिला. सांगायला लाज वाटते, पण धोंडाबाई आधी स्वतःच पदर खोचून दोन पावलं धावली. ती थांबेपर्यंत विशाखा कडेवरून निसटून डबा घेऊन सुसाट सुटली होती, सरळ मैदान तुडवत. आणि त्याच वेळी नांदेडच्या पोरीनं चेंडू उंच हाणला. तो थेट पंचफुलाच्या हातात यायचा होता. खाली पोर दिसली, तशी पंचफुलानं चेंडू सोडला, पोरीला छातीशी धरलं आणि पाठ फिरवली. चेंडू तिच्या खांद्यावर दणकन आदळला.

विशाखानं तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, नंबर जातोय म्हणून लाथा झाडल्या, आणि सुटून सगळ्या मैदानादेखत “आई, आई” करत धोंडाबाईकडं पळत आली. पंचफुला तिथंच उभी राहिली. तिचं तोंड बघवत नव्हतं. मग तिनं टोपी नीट केली, पंजा चढवला आणि पुढचा सगळा खेळ दात-ओठ खाऊन खेळली. लातूर दोन धावांनी हरलं, पण पळताना तिला एकदाही कुणी बाद करू शकलं नाही.

खेळ संपल्यावर ती खांदा दाबत आली, जयभीम म्हणाली आणि विशाखापुढं उकिडवी बसली. विशाखा आजीच्या पदरात तोंड खुपसून उभी होती.

“माझं चुकलं, पंचफुला,” धोंडाबाई म्हणाली. “तुला येऊ नको म्हणले, ते चुकलं.”

“पाणी नव्हतं, आत्याबाई.”

“पाणी नव्हतं, हाव. पण मला ते सोयीचंबी झालं. तुझी पोरगी मला आई म्हणत राहिली, आन् मी ओ देत गेले. आता देणार न्हाई. दर ऐतवारी घरला यायचं. पाण्याचं मी बघते.”

धोंडाबाईनं पदरातली पोरीची बोटं एकेक करून सोडवली, पोर उचलून पंचफुलाच्या मांडीत दिली, आणि मागं न बघता चालत जाऊन लिंबाखाली पाठ करून बसली.

मागं विशाखानं टाहो फोडला. आई गं, ये गं, असं गळा फाडून ती हाका मारत होती. शेजारी येऊन बसलेला ग्यानोबा उठायला लागला, तर म्हातारीनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. तिनं दुसऱ्या हातानं जमिनीवरचा गवताचा खुंट धरला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. हाका आल्या, येत राहिल्या. मग हाकांमधलं अंतर वाढलं, मग नुसते हुंदके आले, आणि त्यांच्याखालून पंचफुलाचा हळू बोलण्याचा आवाज यायला लागला. हळूहळू हुंदकेही थांबले.

तेव्हा कुठं धोंडाबाईनं पदर तोंडावर घेतला आणि ती रडली.