फणस वाजवणारा

“कानसेन, हे काय आहे?” मालकांनी चिरलेला फणस त्याच्या पायाशी आदळला. आत गरे कसले, पांढरा रबरी चोथा आणि चीक. “आठवडा झाला पिकत ठेवून! तिसातले बावीस असे!”

मालक रागावले की ओरडतात, हे एक बरं होतं. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

तीस वर्षं मालकांच्या बागेतले फणस तो वाजवत आला होता. बोटांनी टकटक केलं की कच्चा फणस टणटण बोलतो, तयार झालेला बद्द बोलतो. बद्द बोलला की त्यावर चुन्याचा ठिपका द्यायचा. मागून त्याची भाची शिडी लावायची आणि ठिपकेवाले उतरवायची. त्याचा कान कधी चुकत नसे, म्हणून तर कानसेन हे नाव पडलं. पण गेली दोन वर्षं फणस त्याच्याशी काही बोलेनात. घरात बायकोही बोलेना, असं त्याला आधी वाटलं होतं; ती बिचारी बोलतच होती.

सांगणार कुणाला? बहिऱ्याला फणस वाजवायला कोण ठेवतं? मग तो काटे किती फाकलेत ते बघायचा, देठाजवळचं पान पिवळं पडलंय का बघायचा आणि तोंडदेखलं टकटक करून मान डोलवायचा. आतापर्यंत निभावलं होतं.

“ठिपके मी बरोबरच दिले होते,” त्याच्या तोंडून निघून गेलं. “वर चढून भलतेच तोडले असतील, तर तोडणारीला विचारा.”

फणस धुताना चुना केव्हाच गेला होता, त्यामुळे ठिपका कशावर होता हे आता कळणार नव्हतं. भाची तिथंच टोपल्या रचत होती. तिनं एकदाच मामाकडे पाहिलं. मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं आपला दोर गुंडाळला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी नवा गडी शिडीवर चढला. ठिपका दिसला की तोडला, एकही सोडला नाही. खाली उभ्या कानसेनाच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. भाची काही सोडायची आणि वरून ओरडून सांगायची! “मामा, याला परवा बघू, कोयता बोथट झालाय.” “मामा, इथं मुंग्या आहेत हो.” दोन वर्षं तिचा कोयता बोथट होता आणि दोन वर्षं झाडांवर मुंग्या होत्या. पोरगी वर जाऊन स्वतः वाजवून बघत होती आणि कच्चा असला की मामाची अब्रू झाकत होती. गेल्या आठवड्यात, त्या तीस फणसांच्या तोडणीला मात्र मालक खाली उभे होते, म्हणून तोच तिच्यावर खेकसला होता, “मी ठिपका दिलेला सोडतेस? तू मला शिकवणार?” मग तिनं सगळे उतरवले.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. ती दोरीवरचे कपडे काढत होती.

“मला ऐकू येत नाही गं,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली. तुला ठाऊक होतं, आणि तरी मी तुझ्यावर ढकललं. लाज वाटते मला.”

ती पाठमोरीच काहीतरी म्हणाली. सवयीनं त्यानं मान डोलवली. “हो, हो.”

ती वळली आणि नुसती बघत राहिली. त्याचं तोंड उतरलं.

“नाही ऐकू आलं,” तो म्हणाला. हे वाक्य दोन वर्षांत त्यानं कुणापाशी उच्चारलं नव्हतं. “परत सांग.”

ती जवळ आली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन सावकाश म्हणाली, “मालकांना सांगितलंत का, मामा?”

“नाही.”

“मग मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं.”

ती कपडे घेऊन आत गेली. मालकांना सांगितलं की आपलंही काम संपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं चपला पायात सरकवल्या. फाट्यावर डावीकडे त्याचं घर होतं आणि उजवीकडे मालकांचं. मागून तिनं हाक मारली असती, तरी त्याला कळणार नव्हतं. तो उजवीकडे वळला.