सगळ्याला सात

अंबरीशला पगार मिळायचा तो गाडीच्या मागच्या अर्ध्या भागात सुख आहे की नाही, हे सांगण्याचा. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण पिथमपूरच्या त्या कारखान्यात असं खातं खरोखरच होतं. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग ही शहाण्या माणसांची कामं. छत, मागचं दार आणि डिक्की अंबरीशकडे. छताची काच सरकताना कानाला कशी लागते, मागचं दार मिटताना भारदस्त आवाज येतो की डबा आपटल्यासारखा, डिक्कीत पाय पसरून बसलं तर पाठ कुरकुर करते का, हे त्याने बसून, लोळून, डोळे मिटून पाहायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. अकरा वर्षं त्याने हे इतकं मन लावून केलं की कारखान्यातली पोरं त्याला ‘डिक्कीवाले भिया’ म्हणायची आणि तोही ते मिरवायचा.

गेल्या आठ महिन्यांत मात्र त्याने प्रत्येक गोष्टीला सात दिले होते.

सात हा मोठा सोयीचा आकडा. सहा दिले की कारण लिहावं लागतं, आठ दिले तरी लिहावं लागतं. सातला कुणी काही विचारत नाही, आणि बायको गेल्यापासून अंबरीशला तेवढंच हवं होतं. त्याला फार दुःख होत होतं, असंही म्हणता येणार नाही. दाढी होत होती, डबा संपत होता, देवासहून सुटणारी कंपनीची बस एकदाही चुकली नव्हती. दाढ काढताना सुई दिली की गाल जसा बधिर होतो ना, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता. गाल आपलाच, पण चावला गेला तरी पत्ता नाही.

सोमवारी त्याचा साहेब वीरेंद्र खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला. वीरेंद्र धारचा, तोंडाचा फटकळ, मनाचा बरा.

“भिया, वो सफेद गाड़ी का पीछे का दरवाजा हमने जानबूझ के बिगाड़ा था,” तो म्हणाला. “कब्जे में वॉशर फँसा के. बहरे को भी सुनाई दे ऐसी आवाज थी. सबने तीन दिया, चार दिया. तुमने सात दिया.”

बिजागरीत असं काहीतरी अडकवून परीक्षकांचीच परीक्षा घ्यायची, ही तिथली जुनी रीत. ती अंबरीशनेच सुरू केली होती. लाज वाटायला हवी होती. पण ती आणायची कुठून, हे त्याला सुचेना. तो नुसता “हो का” म्हणाला.

वीरेंद्रने एक किल्ली आणि बेचाळीस प्रश्नांचा कागद पुढे सरकवला. बाजारात यायच्या आधी नवी गाडी घरच्या माणसांना दाखवायची, लेकराबाळांना डिक्कीत बसवायचं आणि मग गुण भरायचे, हा शेवटचा टप्पा होता. शनिवार-रविवार गाडी अंबरीशकडे. या गाडीत एक फळी होती. मागची सीट पाडली की सीटची पाठ आणि डिक्कीचा तळ यांच्यामध्ये चार बोटांची पायरी उरते. फळी बसवली की ती बुजते आणि दोन माणसं झोपतील एवढी सपाट जागा होते. तीन वर्षांपूर्वी ही कल्पना अंबरीशनेच काढली होती. आता खर्च वाचवायला वरचे लोक ती काढायला निघाले होते.

“रखना है तो कारण लिख के दो,” वीरेंद्र म्हणाला. “इस पर भी सात आया, तो पटिया भी जाएगा और तुमको भी मैं नहीं बचा पाऊँगा.”

अंबरीशने किल्ली खिशात टाकली. नोकरीची त्याला तशी काळजी वाटली नाही. काळजी वाटत नाही, याची थोडी वाटली.

त्या पायरीबद्दल जगात त्याच्याइतकं कुणाला माहीत नसेल. तरी त्याची स्वतःची गाडी होती ती जुनी, लहान, पायरीवाली. चैत्रातल्या एका दुपारी त्याच गाडीची मागची सीट पाडून त्याने वर दुलई अंथरली होती आणि बायकोला, प्रियांकाला, तिच्यावर झोपवलं होतं. तिच्या पोटात काहीतरी फुटलं होतं, तिला बसवेना. रुग्णवाहिकेला तास लागेल असं कळलं, म्हणून तो स्वतःच निघाला. सासूबाई त्या आठवड्यात मुलाकडे, मनावर गावाला होत्या. घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा आठ वर्षांची चिऊ आईजवळ मागे बसली. देवास ते इंदूर चाळीस किलोमीटर त्याने आरशात न बघता गाडी हाणली. दवाखान्याच्या दारात प्रियांकाला आत नेलं, आणि दोन तासांनी डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले.

त्या चाळीस किलोमीटरमध्ये मागे काय झालं, प्रियांका काही बोलली का, हे फक्त चिऊला ठाऊक होतं. अंबरीशने तिला विचारलं नव्हतं. आधी ती घाबरलेली म्हणून, मग तेरावं व्हायचं होतं म्हणून, मग शाळा सुरू झाली म्हणून. खरं कारण एकच होतं. आपण विचारू, ती सांगेल, आणि तरीही आपल्याला काहीच वाटणार नाही, या भीतीने तो मागे सरत होता. स्वतःबद्दल एवढं त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

शनिवारी दुपारी तो गाडी घेऊन घराशी आला तेव्हा दारात सासूबाई उभ्या. बकुळाबाई त्यांचं नाव, पण सगळे माई म्हणत. मुलगी गेल्यावर नातीसाठी त्या इथेच राहिल्या होत्या. गाडी बघून सवयीने त्यांनी ओवाळायचं ताम्हन उचललं, तसंच खाली ठेवलं, आणि आवाज चढवला.

“अंबरीशराव, वर्षाच्या आत नवं वाहन दाराशी? आमच्याकडे पागेत नवं घोडं बांधीत नसत!”

“माई, कंपनीची आहे. सोमवारी परत करायची.”

“कंपनीची असो नाहीतर दरबाराची असो. दार आपलं आहे ना?”

वाद घालायला अंगात जोर लागतो. अंबरीशने गाडी वळवली, चिऊला पुढे बसवलं आणि टेकडीखालच्या मोकळ्या मैदानात नेऊन उभी केली. अडीच वाजले होते. ऊन मऊ होतं. मैदानात एक गाय आणि ती दोघं, बाकी कुणी नाही.

चिऊची मात्र चंगळ झाली. किल्ली खिशात ठेवून बंपरखाली पाय फिरवला की मागचं दार आपोआप वर जायचं. तिने ते नऊ वेळा केलं. दाराचा खालचा भाग बाहेर पाडला की त्याचं गादी लावलेलं बाकडं व्हायचं. त्यावर बसून तिने शेव-परमल, म्हणजे शेव घातलेले कुरमुरे, खाल्लं आणि पाय हलवले. मग आत शिरून छताकडे बघत राहिली. एक बटण दाबलं की काच दुधासारखी व्हायची, पुन्हा दाबलं की आख्खं आभाळ आणि टेकडीवर चढणारे रोपवेचे पाळणे.

“बाबा, ये तो मस्त है! याला दहा द्या ना.”

अंबरीशने सात लिहिले. दाराला सात, बाकड्याला सात, आभाळाला सात.

एकतिसावा प्रश्न फळीचा होता. सीट पाडून पाच मिनिटं झोपायचं, एकदा फळी लावून आणि एकदा काढून, आणि काय फरक वाटला ते लिहायचं. फळी लावून तो झोपला. चिऊ शेजारी येऊन आडवी झाली. तिची वेणी त्याच्या कानाला लागत होती. तो फरक वाटायची वाट बघत होता. पाच मिनिटं झाली, मग उठून त्याने फळी काढून गवतावर ठेवली आणि पुन्हा झोपला. कमरेखाली ती पायरी बरोबर आली. हे पाठीला कळलं, पण आत कुठे पोहोचलं नाही. पडल्या पडल्या त्याने पेन शोधलं.

चिऊ या वेळी आत आली नव्हती. ती बाहेरच उभी होती.

“बाबा, वो वापस लगा दो.”

“का गं?”

“टोचतं तिथे. आईला पण टोचत होतं.”

अंबरीशच्या हातातलं पेन तसंच राहिलं. ‘चल, घरी जाऊ,’ असं म्हणणं अगदी सोपं होतं. माई चहा ठेवून बसल्या असतील, असंही म्हणता आलं असतं. आठ महिने तो असलंच काहीतरी म्हणत आला होता. तो उठून बसला. आता विचारलं नाही तर पुन्हा कधीच विचारणार नाही, हे त्याला समजलं.

“आई म्हणाली तसं?” त्याने विचारलं. “आणखी काय म्हणाली?”

चिऊने पायाने गवत उकरलं.

“आईने मना केलं होतं. म्हणाली, बाबांना सांगू नको, ते गाडी थांबवतील. गाडी थांबली तर उशीर होईल.” तिने गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “पण आता तर गाडी थांबलेलीच आहे ना?”

“हो,” तो म्हणाला. “आता सांग.”

“मग मी इथे हात ठेवले. आईच्या खाली.” आत वाकून तिने त्या पायरीवर दोन्ही पंजे पालथे ठेवून दाखवले. “टोचू नये म्हणून. ती जड होती. मेरे हाथ सुन्न हो गए थे, पण मी काढले नाहीत. इंदौरपर्यंत नाही काढले.”

“मग?”

“मग आई म्हणाली, चिऊ, आता नाही टोचत.”

हे सांगताना चिऊच्या तोंडावर अभिमान होता. गृहपाठाची वही पुढे करावी तशी ती उभी होती. आपल्या हातांनी काम झालं असं ती आठ महिने समजून होती, आणि शाबासकी द्यायला तिला कुणी विचारलंच नव्हतं.

अंबरीशने ते दोन हात आपल्या हातात घेतले. लहान, शेवेच्या तेलाने चिकट झालेले. त्याला वाटलं होतं, काहीच वाटणार नाही. पण तसं झालं नाही. तो वाकला, ते हात त्याने चेहऱ्यावर दाबून धरले आणि मैदानात, भर दिवसा, त्या गाईसमोर हुंदके देऊन रडला.

चिऊ घाबरली. पण तिने हात काढले नाहीत.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “तुम्हाला दुखतंय?”

“हो गं,” अंबरीश म्हणाला. “फार दुखतंय.”