हातभर मागे सरकणारा बांबू

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही पोहण्याच्या तलावात आहात. पाणी हनुवटीला लागलं आहे आणि पायाचा अंगठा कितीही ताणला तरी खाली फरशी लागत नाही. कानांत पाणी भरलं आहे, म्हणून काठावरचं हसणं फार लांबून आल्यासारखं वाटतं. तुमच्यासमोर, अगदी दोन हातांवर, एका काठीचं टोक आहे. वरून आवाज येतो, "ये, ये, झालंच, पकड." तुम्ही सगळा जीव एकवटून हात मारता. बोटं टोकाला लागणार, तेवढ्यात ते टोक हातभर मागे सरकतं.

आता डोळे उघडा. ते टोक माझं होतं. मी एक जुना बांबू आहे, आणि माझी गोष्ट मला मान वर करून सांगता येत नाही.

मी या तलावाचा नव्हे. इथल्या भिंती रंगवायला आलेल्या रंगाऱ्यांनी उभं राहण्यासाठी परांची बांधली होती, तिच्यातला मी एक. काम संपल्यावर बाकीचे बांबू त्यांनी गाडीत भरले आणि मी आखूड म्हणून मला कुंपणापाशी टाकून दिलं. कपडे बदलायच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मावशींनी मला उचललं, दोन खिळ्यांवर आडवं ठेवलं आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. ते काम काही वाईट नव्हतं. टॉवेल वाळवण्यात कुणाची फसवणूक होत नाही.

मग सरांची नजर माझ्यावर पडली. सर म्हणजे इथे मुलांना पोहायला शिकवणारे. तेव्हा ते अगदी तरुण होते. तलाव बंद असतो त्या दिवशी ते मुद्दाम आले आणि मला मांडीवर घेऊन बसले. काचेच्या तुकड्याने त्यांनी माझं एकेक पेर तासलं, पॉलिश पेपरने घासलं, तेल चोळलं. टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. यातच दुपार उलटून गेली.

मावशी म्हणाल्या, "काय हो सर, बोहल्यावर चढवताय की काय त्याला?"

"मुलांच्या हातात कुसळ जायला नको, मावशी," सर म्हणाले.

म्हणून या माणसाचं मुलांवर प्रेम नव्हतं, असं मी कधीच म्हणणार नाही. गोष्ट तितकी सोपी असती तर मला सांगायला बरं पडलं असतं.

पहिली दोन-तीन वर्षं मी खरोखर आधार होतो. मूल दमलं की सर मला पुढे करत आणि दोन गार, सुरकुतलेले हात मला मिठी मारत. तुम्हाला सांगतो, घाबरलेल्या मुलाचं वजन काठीला वेगळं कळतं. ते नुसतं ओढत नाही, ते विसावतं. त्या वेळी मला माझ्या बांबूपणाचा अभिमान वाटायचा.

मग एके दिवशी सरांनी मला गमतीने हातभर मागे घेतलं. समोरचा मुलगा रडवेला झाला, पण आणखी दोन हात मारून माझ्यापर्यंत पोचला. सरांचा चेहरा उजळला. त्यांना युक्ती सापडली होती. दुसऱ्या दिवशी दोन हात, पुढच्या आठवड्यात चार. वर्षभरात मी इतका मागे जाऊ लागलो, की मूल तलावाच्या त्या टोकाला पोचेपर्यंत मी त्याच्या हाती लागत नसे. आणि मुलं शिकत होती, हे खोटं नाही. बाकावर बसलेले आईवडील एकमेकांना सांगत, "सरांच्या बांबूपुढे आठ दिवसांत पोर तरंगतंच." हे ऐकून मी फुगायचो. तसा मी आतून पोकळच; फुगायला कितीसा वेळ लागणार?

काठावर इतर मुलं हसत असत. सगळ्यांत जोरात हसत ती आदल्या आठवड्यात माझ्यामागे धावून रडलेली. एक चष्मेवाला मुलगा होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला पाच वेळा हुलकावणी दिली. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. "पाण्याचा नव्हता तो," सर म्हणाले आणि यादीवरून पुढचं नाव घेतलं. मीही तेव्हा तसंच समजलो. तसं समजणं सोयीचं होतं.

अशी बरीच वर्षं गेली. सरांचे केस पांढरे झाले, माझी ट्यूब तीनदा बदलली. आणि एका सकाळी ती आली. नऊ वर्षांची, काडीसारखी, पुढचा एक दात पडलेली. तिचे वडील शिंपी होते. गळ्यातली मोजपट्टी काढायलाही त्यांना सवड झाली नव्हती.

"सर, पोरगी तुमच्या हवाली," ते म्हणाले. "भीती तेवढी मोडून काढा तिची."

"मला भीती नाही वाटत, बाबा," ती म्हणाली. "मला त्या उंच फळीवरून उडी मारायचीय."

उंच फळी मोठ्या तुकडीसाठी होती. खोल बाजू एका दमात आडवी पार केली, की मोठ्या तुकडीत नाव लागे. तोवर फळीच्या शिडीला हातही लावायचा नाही, असा सरांचा नियम होता. ती रोज आल्या आल्या त्या फळीकडे एकदा बघून घ्यायची, जसं आपण स्वयंपाकघरात शिरताच खाऊच्या डब्याकडे बघतो.

थोडं हातपाय मारायला आल्यावर सरांनी तिला माझ्यासमोर उभं केलं. "इथून बांबूपर्यंत यायचं. पाच हात."

"पाच हात म्हणजे कुणाचे? तुमचे की माझे?"

मुलं खिदळली. सरही हसले. "तुझे."

"आणि पोचले की पकडायचा?"

"पकडायचा."

"नक्की ना?"

"नक्की, वकीलबाई."

तेव्हापासून तिचं नाव वकीलबाईच पडलं.

ती निघाली. प्रत्येक हाताला तोंडातून पाण्याबरोबर आकडा बाहेर येत होता. पाचाला तिची बोटं माझ्या रबराला लागली. मला त्यांचा स्पर्श झाला, मित्रांनो. आणि मी मागे गेलो. तिने आठ हात मारले, काठ धरला आणि खूप वेळ खोकत राहिली.

"पाच झाले होते," ती म्हणाली.

"आणि तू आठ मारलेस. येतं की नाही तुला?"

"येतं. पण पाच झाले होते."

"अगं, फायदा कुणाचा झाला?"

"माझा."

"मग?"

नाकातलं पाणी पुसत ती काठावर चढली.

टॉवेल घेऊन आलेल्या मावशी म्हणाल्या, "सर, पोरीचं खरं आहे हो."

"मावशी, आमच्या मास्तरांनी आम्हाला नुसतं ढकलून दिलं होतं. बांबूसुद्धा नव्हता. शिकलो की नाही मी?"

"शिकलात की. पण त्यांचं नाव निघालं की अजून दात खाता."

सरांनी मला झटकलं, पाणी निथळवलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

पुढचे पंधरा दिवस ती रोज विचारायची, "आज नक्की?" सर रोज म्हणायचे, "नक्की." आणि रोज मी मागे जायचो. सोळाव्या दिवशी तिने विचारलं नाही. सर खुशीत म्हणाले, "वकीलबाईंनी कोर्ट सोडलं वाटतं. आता शिकली ही." खरंच ती छान पोहू लागली होती. फक्त तिने माझ्याकडे बघणं सोडलं होतं. मी पाण्यावर असलो काय, नसलो काय, ती काठावर नजर लावून सरळ निघून जायची. मला ते बोचलं, पण किती वाईट आहे ते कळलं नाही. सरांनाही कळलं नाही.

मग परीक्षेचा दिवस आला. सकाळचे आठ वाजले होते. मुलं काठावर ओळीने बसली होती. ती खोल बाजूच्या कडेवरून पाण्यात उतरली आणि निघाली. हात सुंदर पडत होते. अर्ध्यावर गेली आणि एकदम थांबली. तिच्या पोटरीत गोळा आला होता. तोंड वाकडं झालं, एक पाय आखडला, ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

सर धावले. काठावर गुडघे टेकून त्यांनी मला लांब केलं. मी तिच्या नाकासमोर होतो, वीतभरही अंतर नव्हतं.

"पकड," सर ओरडले. "बांबू पकड."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिची नजर पाहिली, ती मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या नजरेत राग नव्हता. रस्त्यातल्या खड्ड्याकडे आपण जसं बघतो, तसं तिने बघितलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूच्या काठाकडे वळून ती हात मारू लागली, आणि तो काठ दहा हात दूर होता.

सरांनी मला तिच्या खांद्याला लावलं. तिने मला ढकललं. "अगं पकड, खरंच पकड," सर म्हणत होते, आणि त्यांचा आवाज फाटला होता. ती पुन्हा खाली गेली. या वेळी फक्त बोटं वर राहिली.

सरांनी मला टाकलं आणि कपड्यांसकट उडी मारली.

तिला बाहेर काढलं, तेव्हा ती निळसर पडली होती. मावशींनी तिला कुशीवर वळवलं, पाठ चोळली. पाणी बाहेर आलं, मग खोकला, मग रडू. रडू आल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी पाण्यावर तरंगत होतो. कुणी मला उचललं नाही आणि तेच योग्य होतं.

थोड्या वेळाने सर तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. "समोर होता ना बांबू," ते हळू म्हणाले. "का नाही पकडलास?"

वर्गात उत्तर द्यावं तशी ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मागे घ्याल."

काठावरचं एकही मूल हसलं नाही.

निरोप मिळताच तिचे वडील धावत आले. "घाबरली का हो?" त्यांनी विचारलं.

"ती नाही घाबरली," सर म्हणाले. "चूक माझी आहे. मी तिला खोटं बोलून बोलून शिकवलं."

"अहो, एवढं काय मनाला लावून घेता. शिकताना असं व्हायचंच."

"नाही," सर म्हणाले. "असं व्हायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मुलांना सांगितलं, की आजपासून बांबू हलणार नाही. पण पहिलाच मुलगा माझ्याजवळ आला आणि सरांचं मनगट आपोआप मागे गेलं. इतक्या वर्षांची सवय होती ती. मुलाच्या आधी सरच दचकले. त्यांनी आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसा तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मग दोरी आणून त्यांनी माझं मागचं टोक काठाच्या कठड्याला करकचून बांधून टाकलं. स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नाही, की माणूस असंच करतो. मला बरं वाटलं. पण ज्या मुलांना मी हुलकावणी दिली होती, त्यांच्यासाठी ती गाठ उशिराच बांधली गेली होती, आणि चष्मेवाला तर परत येणारच नव्हता.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तू तर नुसता बांबू, तुझा काय दोष? मीही स्वतःची अशी समजूत घालून पाहिली. पण लोक माझं कौतुक करत तेव्हा मी म्हणालो नाही, की मी नुसता बांबू आहे. तेव्हा पोरं माझ्यामुळे शिकत होती. मग हेही माझ्याचमुळे. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणाला सायकल शिकवाल, कुणाला झाडावर चढायला, कुणाला गणित. तुमच्यासमोरचं मूल दमलेलं असेल आणि तुम्ही म्हणाल, "एवढंच कर, मग झालं." तेव्हा खरंच तेवढंच असू द्या. आणखी हवं असेल, तर आधी सांगा, आणखी हवं आहे. मूल कुरकुरेल, पण करील. फसवूनही ते करतं, हे मला ठाऊक आहे. मात्र त्यानंतर आपला पुढे केलेला हात त्याला हात वाटत नाही.

वकीलबाई चार दिवस आली नाही. फाटक वाजलं की सर मान वळवत होते. पाचव्या दिवशी ती वडिलांचा हात सोडून एकटीच आत आली. पाण्यात उतरली नाही. सरळ माझ्यापाशी आली, कठड्याजवळ बसली आणि दोरीची गाठ नखांनी सोडवू लागली. गाठ घट्ट होती. तिला बराच वेळ लागला. सरांनी अडवलं नाही, मदतही केली नाही.

गाठ सुटल्यावर तिने मला दोन्ही हातांनी उचललं. मी तिला जड होत होतो.

"तुम्ही उतरा," ती सरांना म्हणाली. "मी धरते."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मावशी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारातच थांबल्या. सर शर्ट काढून पाण्यात उतरले, खोल बाजूला गेले आणि तिकडून माझ्याकडे पोहत येऊ लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना समोरून येताना कधी पाहिलं नव्हतं. जवळ येता येता त्यांचे हात मंद झाले. दोन हातांवर असताना ते थांबले आणि पाय मारत एका जागी राहिले. त्यांनी हात उचलला, पण पुढे केला नाही. त्यांची नजर तिच्या मनगटांवर होती. आता ती काय करील ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मनात आणलं असतं, तर तिला मला मागे घेता आलं असतं, आणि कुणी तिला बोल लावला नसता.

तिने मला घट्ट धरलं, काठाच्या कडेवर आणखी एक पाऊल पुढे टाकलं आणि माझं टोक त्यांच्या तळहातात टेकवलं.