सात घोड्या, एक इंजिन

"थांब, बोलू नकोस. ती काहीतरी सांगतेय."

चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आहे हा, आमच्या म्हाताऱ्याचा. तेव्हा तो म्हातारा नव्हता. पशुपालक संघाच्या मालट्रकवर ड्रायव्हर होता, ट्रकला 'ती' म्हणायचा, आणि मी लोकरीच्या गाठोड्यांबरोबर आल्ताई गावाला निघालेली एक बडबडी पोर. खिंडीच्या चढावर त्यानं मला गप्प केलं, मान जराशी कलती केली, इंजिनाच्या कण्हण्यातून काय ऐकलं कोण जाणे, आणि अलगद गियर बदलला. कुरवाळलेल्या उंटिणीसारखा ट्रक वर चढून गेला. पुरुषानं कशाचंही इतक्या मायेनं ऐकावं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याच शरदात मी त्याच्या तंबूत राहायला आले.

आता ल्हाम्सुरेन सदुसष्टचा आहे, आणि आमची उंच जपानी गाडी सव्वीस वर्षांची. यंदाच्या वसंतापासून त्याचं एकच पालुपद.

"जीव गेलाय तिच्यातला, दुलमा. नीट आवाजही काढत नाही. पेट्रोल मात्र लग्नातल्या पाव्हण्यासारखी ढोसते."

"सव्वीस वर्षांची झाली. तू तरी कुठे पूर्वीसारखा धावतोस?"

"मला बदलता येत नाही म्हणून ठेवलंयस. हिचं इंजिन बदलता येतं."

आल्ताईतल्या चोइजिल मेस्त्रीकडे उलटलेल्या गाडीतून काढलेलं एक डिझेल इंजिन होतं. बसवून द्यायचे त्यानं सात दुभत्या घोड्या मागितल्या, शिंगरांसकट. आमच्याकडे दुभत्या घोड्या अकरा. सात गेल्या की उरल्या चार. मग उन्हाळ्यात दारी आलेल्याच्या हातावर आंबवलेल्या दुधाचा वाडगा कुठून ठेवायचा? आणि वाडगा नसेल तर त्या दाराला दार तरी का म्हणायचं?

पण घोड्यांचं दुःख मी गिळलं असतं. गिळवत नव्हतं ते दुसरंच. इंजिनात दोष नाही, हे मला ठाऊक होतं. त्याचे कान जात होते. इंजिनाची हाक ऐकू येत नाही म्हणून तो गियर बदलायचाच नाही. गाडी दुसऱ्या गियरमध्ये किंचाळत असायची आणि तो शांतपणे डोंगर पाहत असायचा. पेट्रोल जळेल नाहीतर काय होईल? चढावर उलटं. इंजिन गुदमरतंय हे कळायच्या आत गाडी धापा टाकून थांबायची, आणि तो स्टिअरिंगवर हात आपटून म्हणायचा, "बघ! संपली!"

मी बोलले नाही. आमच्याकडे वाईट गोष्ट जिभेवर घेत नाहीत. घेतली की तिला घरची वाट सापडते. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण हे, की ज्याचं ऐकणं पाहून मी त्याची झाले, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगू?

हिवाळी तळावर हलायला पंधरा दिवस उरले तेव्हा आम्ही आल्ताईला निघालो. पठारावर एक कोळशाचा ट्रक मागे लागला. हॉर्नवर हॉर्न. हा आपला रस्त्याच्या मधोमध. शेवटी ट्रक खडीत उतरून, आमचा आरसा चाटून पुढे गेला.

"गाढव आहे का!" ल्हाम्सुरेन ओरडला. "निदान हॉर्न तरी द्यायचा!"

मी अंगरख्यात ठेवलेल्या वाळक्या दह्याचा खडा तोंडात टाकला आणि चघळत बसले. तोंड रिकामं असतं तर बोलले असते.

चोइजिलनं गाडीचे प्लग काढले आणि एकेका सिलिंडरला मीटर लावून पाहिला. सहाही पाहिले. पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"दादा, दाब सगळीकडे चांगला आहे. थोडं तेल खाते. खाऊ दे. अजून पाच हिवाळे कुठे गेले नाहीत."

"तुझा मीटर प्यायलाय."

"मी प्यायलो असेन, मीटर नाही पीत. चला, चक्कर मारू."

दोघं गावामागच्या टेकडीवर जाऊन आले. जाताना चोइजिलच्या हाती गाडी, येताना ल्हाम्सुरेनच्या. जातानाचा आवाज गुणगुणल्यासारखा होता, येतानाचा किंचाळल्यासारखा. मी अंगणात उभी राहून दोन्ही ऐकले.

"चढली की नाही?" उतरता उतरता चोइजिल म्हणाला.

"तुझा पाय तरणा आहे. तरण्याला म्हातारीसुद्धा ऐकते."

चोइजिल हसला. मग चिंधीनं हात पुसत माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, सात घोड्या कुणाला नको असतात? पण दादा गियरच..."

"माहीत आहे मला."

"मग त्यांना?"

मी नाही अशी मान हलवली.

"काय कुजबुजताय?" तिकडून ल्हाम्सुरेन म्हणाला. "ते डिझेल चालू कर. बघू दे, आपल्या घोड्या कशापायी चालल्यात."

लोखंडी चौकटीवर ते इंजिन बसवलेलं होतं, खाली बादलीत पाणी, धुराची नळी उघडी. चोइजिलनं तारा जोडल्या आणि ते धडधडलं. पायाखालची जमीन थरथरली, पत्र्याची भिंत वाजायला लागली.

आणि मी म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. डोळे मोठे झाले. त्यानं तळवा इंजिनावर ठेवला, मान कलती केली, आणि त्याच्या सुरकुत्यांमधून कितीतरी महिन्यांनी हसू वाहून आलं.

"ऐक, दुलमा! याला म्हणतात इंजिन! बोलतंय बघ कसं!"

माझं मन तिथेच विरघळलं. देऊन टाकाव्यात सात घोड्या. अकराही द्याव्यात. चार वर्षं मिळतील, पाच मिळतील. गाडी पुन्हा त्याच्याशी बोलेल, आणि मला काहीच बोलावं लागणार नाही. इतकं स्वस्त औषध कुठे मिळतं?

"अरे, ऐक ना," मी त्याच्या शेजारून म्हटलं.

तो इंजिनाकडे पाहत होता.

"म्हाताऱ्या!" मी जोरात म्हटलं. मग ओरडले. हातभर अंतरावर उभी होते मी. तो आपला हसतच होता. थोडंफार जे त्याला ऐकू येत होतं, तेही या गडगडाटात बुडणार होतं: मागून आलेला ट्रक, लांडगा आल्यावर भुंकणारी कुत्री, मी.

त्यानं अंगरख्याची लांब बाही बोटांवर ओढून चोइजिलपुढे केली. जुनी माणसं जनावरांचा सौदा अशीच करतात, बाहीच्या आत बोटं दाबून, चारचौघांना भाव कळू न देता. चोइजिलनं हात पुढे केला नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला.

"बंद कर ते," मी त्याला खुणावलं.

इंजिन थांबलं. अंगणात एकदम केवढी तरी जागा झाल्यासारखं वाटलं. मी पुढे झाले आणि ल्हाम्सुरेनच्या बाहीत माझाच हात घातला.

"तू कधीपासून घोड्यांची दलाल झालीस?" तो हसला.

मी त्याची बोटं धरली. माझे ओठ त्याला दिसतील अशी समोर उभी राहिले.

"गाडीला काही झालेलं नाही. इंजिन बदलायचं नाही आपण."

"म्हणजे? मग बिघडलंय काय?"

"वसंतात ती काळतोंडी मेंढी पिलाला जवळ घेत नव्हती. तू पाठीमागून आलास आणि म्हणालास, यंदा तिला पिलाची माया फुटावी म्हणून गात का नाहीस? मी म्हटलं, घसा बसलाय."

"हो. मग त्याचं काय?"

"घसा बसला नव्हता. तू विचारलंस तेव्हा मी गातच होते."